शाळेतील काचपेटी आणि शैवलांचा हिशेब

(शिरूर कासार तालुक्यातील शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व ग्रामपातळीवरील कर्मचारी यांच्यासाठी तयार केलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



बालाघाटाच्या डोंगररांगांतून निघणारी सिंदफणा नदी शिरूर कासारला वळसा घालून पुढे माजलगावच्या धरणात विसावते आणि शेवटी मंजरथजवळ गोदावरीला मिळते. नदीकाठी वसलेले असूनही हे गाव आणि त्याभोवतीचा तालुका अवर्षणप्रवण पट्ट्यातच मोडतो. १९७२ च्या दुष्काळाची आठवण येथील वडीलधाऱ्यांच्या मनात अद्याप ताजी आहे. २०१५-१६ आणि २०१८-१९ या वर्षांतील टँकरच्या रांगा तर शाळकरी मुलांनीही पाहिल्या आहेत. अशा प्रदेशात पाण्याचा विचार बहुधा एकाच अंगाने होतो: पाणी किती आहे? परंतु साठवून ठेवलेले पाणी कोणत्या अवस्थेत आहे, ते कशामुळे बिघडते आणि बिघडल्यावर काय करावे, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. शेततळी, पाझर तलाव, गावची टाकी आणि जनावरांचा हौद या सर्वांना तो लागू पडतो.

हा प्रश्न समजावून सांगण्याचे एक स्वस्त व सोपे साधन शाळेच्या वर्गात ठेवता येते. ते साधन म्हणजे पाणवनस्पती लावलेली, गोड्या पाण्यातील माशांची काचपेटी. मराठी विश्वकोशात तिला ‘जलजीवालय’ असा भारदस्त शब्द आहे. मुले मात्र तिला ‘माशांची पेटी’ म्हणतात. अनेक ठिकाणी ही पेटी मोठ्या उत्साहाने आणली जाते. पहिले पंधरा दिवस पाणी आरशासारखे स्वच्छ असते. त्यानंतर काचेवर तपकिरी थर चढतो, पाने केसाळ दिसू लागतात आणि एखाद्या सकाळी सारे पाणी वाटाण्याच्या आमटीसारखे हिरवे झालेले आढळते. मग कोणीतरी पाणी बदलते, कोणी औषध टाकते, मासे मरतात आणि रिकामी पेटी भांडारखोलीत जाते. पेटीबरोबर तिच्यातून मिळणारा धडाही तेथेच धूळ खात पडतो. हा धडा कोणता, हेच येथे पाहावयाचे आहे.

शैवल म्हणजे काय?

बोलीभाषेत पाण्यातील प्रत्येक हिरव्या वस्तूला ‘शेवाळ’ म्हणण्याचा प्रघात आहे. पायरीवरचा निसरडा थर, डबक्यातील हिरवे तंतू, एवढेच नव्हे तर हायड्रिलासारखी मुळे, खोड व पाने असलेली वनस्पतीसुद्धा याच नावाने ओळखली जाते. शास्त्रीयदृष्ट्या हा भेद करणे आवश्यक आहे. हायड्रिला ही सपुष्प वनस्पती आहे. शैवले अधिक साधी असतात. त्यांना खरी मुळे, खोड किंवा पाने नसतात. काही शैवले एका पेशीची, डोळ्यांना न दिसणारी असतात, तर काही स्पायरोगायरासारखी लांब तंतुमय असतात. सूर्यप्रकाशात कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी यांपासून अन्न तयार करणे आणि प्राणवायू सोडणे हे काम मात्र दोन्हींकडे सारखेच चालते. ‘नीलहरित शैवल’ म्हणून जे ओळखले जाते, ते तर वास्तविक जीवाणूंच्या कुळातील आहे.

शैवल म्हणजे घाण, ही समजूत पूर्णपणे बरोबर नाही. भारतातील शैवलशास्त्राचा पाया घालणारे मद्रासचे प्रा. एम. ओ. पी. अय्यंगार (१८८६-१९६३) यांनी या सूक्ष्म जीवसृष्टीच्या अभ्यासासाठी आयुष्य वेचले. एन. डी. कामत यांचा मराठवाड्यातील शैवलांविषयीचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध झाला. भाताच्या खाचरात नीलहरित शैवले हवेतील नत्र जमिनीत आणतात, हे पी. के. डे यांनी १९३९ मध्ये दाखवून दिले. मत्स्यशेतीच्या तळ्यात तर शेतकरी मुद्दाम शेण व सुपरफॉस्फेट टाकून पाणी हिरवट करतो; कारण त्या हिरवेपणावर सूक्ष्म प्राणी आणि त्या प्राण्यांवर कटल्यासारखे मासे पोसले जातात. म्हणजे एका तळ्यात जी संपत्ती, तीच दुसऱ्या ठिकाणी अडचण ठरते. पाणी कशासाठी साठविले आहे, यावर शैवलाची किंमत ठरते.

एका जुन्या प्रयोगाची शिकवण

लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये एका मोठ्या काचपात्रात दोन सोनेरी मासे ठेवले आणि त्यात व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती लावली. माशांनी सोडलेला कार्बन डाय-ऑक्साइड वनस्पतीने घ्यावा व वनस्पतीने सोडलेला प्राणवायू माशांना मिळावा, अशी त्यांची योजना होती. काही काळ सारे सुरळीत चालले. पुढे जुनी पाने कुजू लागली, पाणी गढुळले आणि काचेवर हिरवा बुळबुळीत थर चढला. तेव्हा त्यांनी पात्रात काही पाणगोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पाने व हिरवा थर खाऊन टाकला आणि पाणी पुन्हा निवळले. आपली निरीक्षणे त्यांनी १८५० मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले आणि काचपेटीचा छंद जगभर पसरला.

या प्रयोगातील लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पहिल्या काचपेटीबरोबरच शैवलाची पहिली तक्रारही जन्माला आली. त्यावरचा उपाय विषाच्या बाटलीतून आला नाही. पात्रातील जीवनव्यवहारात जी एक कडी अपुरी होती, ती पुरी केल्यावर पाणी निवळले.

शैवल का माजते?

शैवलाला तीन गोष्टी लागतात: प्रकाश, पाण्यात विरघळलेले अन्न आणि मोकळी जागा. काचपेटीत लावलेल्या वनस्पतींनाही याच गोष्टी हव्या असतात. शेतातील पीक आणि तण यांच्यात जी स्पर्धा असते, तीच येथे चालते. पीक जोमदार असेल तर तणाला ऊन मिळत नाही. पीक खुरटले की तण माजते. एवढे ध्यानी घेतले की शैवलनियंत्रणाचे निम्मे रहस्य उलगडते. काचपेटीतील शैवल हा स्वतंत्र रोग मानण्यापेक्षा पेटीच्या जमाखर्चातील शिल्लक मानणे अधिक सयुक्तिक ठरेल. आत जे येते ते वनस्पतींनी उचलले नाही, तर ते शैवल उचलते.

आत काय येते? सर्वप्रथम माशांचे खाद्य. त्याबरोबर नत्र व स्फुरद येतात. न खाल्लेले खाद्य, माशांची विष्ठा आणि कुजणारी पाने यांपासून अमोनिया तयार होतो. वाळूत व गाळणीत वाढणारे उपयुक्त जीवाणू त्याचे आधी नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. परंतु नव्या पेटीत हे जीवाणू पुरेशा संख्येने स्थिरावण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. या काळात मासे भरपूर आणि वनस्पती तुरळक असतील, तर पाणी हिरवे होणे जवळजवळ अटळ समजावे.

दुसरी जमा प्रकाशाची. पेटी खिडकीशेजारी ठेवली की दुपारचे ऊन तिच्यावर पडते आणि प्रकाशाचे प्रमाण कोणाच्याही हाती राहत नाही.

येथे एक शास्त्रीय शंका स्वाभाविक आहे. कॅनडामधील एका सरोवराचे १९७३ मध्ये पडद्याने दोन भाग करण्यात आले. एका भागात कार्बन व नत्र, तर दुसऱ्यात कार्बन, नत्र व स्फुरद मिसळण्यात आले. स्फुरद मिळालेला भाग काही आठवड्यांतच हिरवागार झाला. डेव्हिड शिंडलर यांच्या या प्रयोगाने सरोवरे बिघडण्यामागे स्फुरदाचा हात असल्याचे जगाला पटले. मग काचपेटीतील अन्नद्रव्येही पूर्णपणे काढून टाकावीत काय? येथे सरोवर आणि लागवडीची काचपेटी यांत फरक करावा लागतो. मोकळ्या सरोवरात बाहेरून येणारे स्फुरद रोखणे हाच राजमार्ग आहे. काचपेटीत मात्र वनस्पतींची उपासमार केली तर आधी त्याच खुरटतात, त्यांची पाने कुजतात आणि त्या कुजण्यावर शैवल जगते. काही नीलहरित प्रकार हवेतील नत्र स्वतःच मिळवतात. पाण्यातील नत्र संपल्यावर त्यांचे फावते. म्हणून काचपेटीत अन्न शून्यावर आणण्यापेक्षा ते वनस्पतींच्या वाट्याला जाईल अशी व्यवस्था करणे हेच खरे नियंत्रण होय.

येथील पाणी, येथील वनस्पती

शहरातील दुकानात मिळणाऱ्या देखण्या वनस्पती आणून लावल्या आणि त्या महिन्याभरात गेल्या, असा अनुभव वारंवार ऐकू येतो. त्यामागे पाण्याचे कारण असते. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरी व कूपनलिका यांचे पाणी पुष्कळदा जड असते. साबणाला फेस येत नाही आणि भांड्यावर पांढरा थर बसतो, ही त्याची नित्याची खूण. अशा पाण्यात मोकळा कार्बन डाय-ऑक्साइड अत्यल्प आणि बायकार्बोनेट मात्र भरपूर असते. नाजूक वनस्पतींना बायकार्बोनेटचा उपयोग करता येत नाही. हायड्रिला व व्हॅलिसनेरिया यांना तो करता येतो. या दोन्ही वनस्पती भारतातील तळ्यांत व संथ प्रवाहांत आढळतात, झपाट्याने वाढतात आणि त्यांना फुकटात मिळविता येते. जी वनस्पती येथील पाण्यात सुखाने वाढते, तीच शैवलाशी झुंजू शकते. विकत आणलेल्या शोभेपेक्षा ही गावठी जोमदार वाढ शाळेच्या अधिक उपयोगाची आहे.

तळ्यातून आणलेली वनस्पती मात्र नीट धुऊन, आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवून मगच पेटीत लावावी. तिच्याबरोबर किड्यांच्या अळ्या, जळवा आणि गोगलगायींची अंडी येऊ शकतात.

पाण्याबाबत आणखी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. ग्रामपंचायतीच्या नळाचे पाणी टी.सी.एल. पावडरने शुद्ध केलेले असते. त्यातील क्लोरीन माणसाचे रक्षण करतो, परंतु माशांच्या कल्ल्यांना आणि उपयुक्त जीवाणूंना तो घातक ठरतो. म्हणून नळाचे पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवून मगच वापरावे. दुसरी गोष्ट उन्हाळ्यातील बाष्पीभवनाची. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. नुसती भर घालत राहिल्यास पेटीतील पाणी दर आठवड्यास अधिकाधिक खारट होत जाते. जुने पाणी काढून नवे घालणे हाच यावरील उपाय. पावसाळ्यात छपरावरचे पाणी, पहिल्या सरीचे वगळून, साठविता आले तर जडपणा कमी करण्यास त्याचा चांगला उपयोग होतो.

दुष्काळी तालुक्यात काचपेटीसाठी पाणी खर्च करावे काय, असा आक्षेप येथे कोणी घेईल. तो रास्तही आहे. त्याचे उत्तर आकड्यांत द्यावे. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच पेटीत सुमारे ५० लिटर पाणी मावते. आठवड्यातून एकदा त्यातील चौथा हिस्सा, म्हणजे साधारण एक घागरभर पाणी बदलावे लागते. काढलेले पाणी वाया जात नाही. त्यात नत्र व स्फुरद असल्याने शाळेच्या आवारातील रोपांना ते उत्तम मानवते.

पेटीची मांडणी

प्रारंभीची मांडणी योग्य असेल तर पुढील निम्मा त्रास वाचतो. पेटी थेट ऊन न येणाऱ्या भिंतीशी, भक्कम टेबलावर ठेवावी. तळाशी स्वच्छ धुतलेली जाड वाळू दोन ते तीन इंच पसरावी. वाळूखाली शेणखत घालण्याचा मोह टाळावा. युरिया किंवा डी.ए.पी. यांची चिमूटही पाण्यात टाकू नये. त्यांतून निर्माण होणारा अमोनिया माशांना विषारी ठरतो आणि पाणी हिरवे करण्यास तोच प्रथम कारणीभूत होतो.

वनस्पती पहिल्याच दिवशी भरपूर लावाव्यात, निदान अर्धा तळ झाकेल इतक्या. पाण्यावर थोडी अ‍ॅझोला सोडल्यास ती प्रकाश अडवते आणि जादा अन्नद्रव्येही शोषून घेते. ती दाट झाली की काढून जनावरांना घालता येते. दिवा रोज सहा ते आठ तास, ठरावीक वेळी लावावा. चौदा तास दिवा लावणे म्हणजे शैवलाला निमंत्रण देणे होय. वीज गेल्याने एखादा दिवस प्रकाश मिळाला नाही तर वनस्पतींचे काही बिघडत नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ दिवा लावून भरपाई करण्याचे कारण नाही.

मासे महिन्याभराने आणि मोजके सोडावेत. ५० लिटरच्या पेटीत आठ-दहा गप्पी मासे पुरेत. खाद्य दिवसातून एकदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. प्रत्येक मुलाने प्रेमाने चिमूटभर घातलेले खाद्य वर्गाच्या पटसंख्येने गुणले की मासे का मरतात, याचे उत्तर मिळते. वर्गात एका वेळी एकच विद्यार्थी खाद्याचा जबाबदार असावा.

ओळख आणि उपाय

एवढी काळजी घेऊनही शैवल दिसू शकते. अशा वेळी ते कोणत्या प्रकारचे आहे हे ओळखून उपाय करावा.

तपकिरी थर: नव्या पेटीत पहिल्या काही आठवड्यांत काचेवर व पानांवर येतो. हे डायटम नावाचे सूक्ष्म शैवल होय. फडक्याने पुसावा, वनस्पती रुजल्या की तो बहुधा आपोआप नाहीसा होतो.

हिरवे पाणी: पाण्यात तरंगणाऱ्या एकपेशीय शैवलांमुळे होते. केवळ पाणी बदलल्याने ते जात नाही, कारण उरलेल्या पेशी पुन्हा वेगाने वाढतात. पेटी जाड कापडाने पूर्ण झाकून तीन ते चार दिवस अंधारात ठेवावी, त्या काळात खाद्य बंद ठेवावे, शक्य असेल तर हवेचा पंप चालू ठेवावा आणि त्यानंतर अर्धे पाणी बदलावे. निरोगी वनस्पती एवढा अंधार सहन करतात.

हिरवे तंतू: स्पायरोगायरा व तत्सम शैवले. खरखरीत काडी किंवा जुन्या दातघासणीभोवती गुंडाळून काढावेत. दिव्याचे तास कमी करावेत आणि जलद वाढणाऱ्या वनस्पती वाढवाव्यात.

काळपट झुबके: दगडांवर व जुन्या पानांच्या कडांवर ब्रशसारखे दिसतात. रंग काळा दिसला तरी ही लाल शैवलांच्या वर्गातील आहेत. घासून निघत नाहीत. ती पाने कापून टाकणे हाच सोपा मार्ग.

निळसर हिरवी साय: वाळूवर चादरीसारखी पसरते आणि तिला उग्र दर्प येतो. हाच नीलहरित प्रकार. ती नळीने ओढून काढावी, तळाचा गाळ स्वच्छ करावा, पाणी हलते ठेवावे आणि पेटी तीन-चार दिवस अंधारात ठेवावी. यासाठी माणसांची प्रतिजैविके पाण्यात टाकण्याचा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. तो कदापि मानू नये. त्याने उपयुक्त जीवाणू मरतात आणि औषधांना न जुमानणाऱ्या रोगजंतूंचे फावते.

मोरचुदाचा मोह

शेतकऱ्याच्या घरात मोरचूद असते. बोर्डो मिश्रण करणाऱ्या हाताला ते पाण्यातही टाकून पाहावे असे वाटणे साहजिक आहे. मोरचूद शैवल मारते, यात शंका नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९०४ मध्येच जलाशयांसाठी त्याचा पुरस्कार केला होता. तथापि तांबे मासे व गोगलगायी यांनाही मारते. जड पाण्यात त्याचा प्रभाव घटतो, म्हणून अंदाज चुकतो आणि मात्रा वाढविली जाते. सर्वांत मोठा धोका त्यानंतरचा आहे. एकाच वेळी मेलेले शैवल कुजू लागते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते. पाण्याचे तापमान २० अंश असताना एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना केवळ साडेसात. एप्रिल-मेमध्ये आधीच कमी असलेली ही पुंजी एका रात्रीत संपते आणि पहाटे मासे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. शैवल मेले, परंतु ज्या कारणाने ते वाढले ते जसेच्या तसे राहिले. त्यामुळे पंधरा दिवसांत ते पुन्हा उगवते.

गप्पी, गोगलगाय आणि परका पाहुणा

शैवल खाणारे जीव मदतीला घेता येतात, परंतु विचारपूर्वक. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो (१९५४-२०१५) यांनी आपल्या देखण्या पेट्यांत शैवल खाणाऱ्या एका लहान कोळंबीचा उपयोग रूढ केला. थंड पाण्याच्या सवयीची ती कोळंबी बीडच्या उन्हाळ्यात टिकणे कठीण. गप्पी मासा मात्र उष्णता बऱ्यापैकी सोसतो, पानांवरचे कोवळे शैवल टिपतो आणि डासांच्या अळ्या हे तर त्याचे आवडते खाद्य. हिवताप व डेंगी नियंत्रणासाठी आरोग्य खाते हे मासे वापरते, हे गावोगावच्या आरोग्य कर्मचाऱ्यांना ठाऊक आहेच. शाळेच्या पेटीतील गप्पींची संख्या वाढली की जादा मासे आरोग्य उपकेंद्राला द्यावेत. मात्र हा मासा परदेशी असल्याने तो नदीत किंवा ओढ्यात सोडू नये. बंदिस्त हौद व वापरात नसलेली डबकी हीच त्याची जागा.

काच चाटणारा ‘सकर’ मासा दुकानदार आग्रहाने देतात. तो लहानपणी शैवल खातो, पण पुढे फूटभर वाढतो आणि मग कंटाळून त्याला तलावात सोडले जाते. दक्षिण अमेरिकेतील हा मासा अशाच रीतीने देशातील अनेक नद्या-तलावांत पसरला असून मच्छीमारांना डोकेदुखी झाला आहे. शाळेने तो घेऊच नये. गोगलगायींविषयीही सावधगिरी हवी. पाणगोगलगायींच्या काही जाती गुरे व शेळ्यामेंढ्यांच्या यकृतातील चपट्या कृमीचा प्रसार करतात. पेटीतील गोगलगायी किंवा पेटीचे पाणी जनावरांच्या पाणवठ्यावर टाकू नये.

पेटीबाहेरचे पाणी

काचपेटीत जे आठ दिवसांत दिसते, तेच गावच्या पाण्यात एका हंगामात घडते. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना सुरू झाल्यानंतर राज्याच्या अवर्षणप्रवण भागांत शेततळ्यांची संख्या वाढली. प्लॅस्टिक अंथरलेल्या उघड्या तळ्यात ऊन भरपूर, वनस्पती नाहीत आणि भोवतालच्या शेतातून वाहून आलेली खते मिळतात; शैवलाला याहून अधिक काय हवे? त्या शैवलाने ठिबकच्या गाळण्या व छिद्रे तुंबतात आणि पाणी असूनही झाड तहानेले राहते. तळ्याच्या कडेला बांध घालून शेतातले वाहते पाणी आत येऊ न देणे, शेणाचा ढीग दूर ठेवणे आणि शक्य तेथे सावलीची जाळी घालणे, हे पेटीतील तत्त्वच मोठ्या मापाने अमलात आणणे होय.

पिण्याच्या पाण्याच्या टाकीला तर एकच सोपा नियम पुरेसा आहे: झाकण बंद ठेवावे. प्रकाश नसेल तर शैवल नाही. झाकण फुटले असेल तर ते बसविणे हे ग्रामपंचायतीच्या पुढच्या सभेचे पहिले काम ठरावे.

जनावरांच्या पाण्याबाबत अधिक दक्षता घ्यावी लागते. ऑस्ट्रेलियातील एका सरोवराच्या काठी हिरवी साय असलेले पाणी पिऊन गुरेमेंढरे दगावल्याची नोंद जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ मध्येच केली होती. काही नीलहरित प्रकार यकृतावर व मज्जासंस्थेवर परिणाम करणारी विषे तयार करतात, आणि पाणी उकळल्याने ही विषे नाहीशी होत नाहीत. उन्हाळ्याच्या अखेरीस आटलेल्या तलावाच्या काठी रंग सांडल्यासारखी निळसर हिरवी साय दिसली, तर जनावरे व मुले तेथून दूर ठेवावीत आणि पशुवैद्यकीय अधिकारी व आरोग्य केंद्र यांना कळवावे. अशा पाण्यात मोरचूद टाकू नये. पेशी फुटल्या की आतील विष पाण्यात मिसळते.

शाळेने काय करावे?

या तालुक्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी दिवाळीच्या सुमारास बाहेर पडतात आणि वर्गातील पट ओसरतो. म्हणून पेटीची जबाबदारी एका मुलावर न ठेवता नोंदवहीवर ठेवावी. तारीख, दिव्याचे तास, दिलेले खाद्य, बदललेले पाणी, दिसलेले शैवल आणि पहाटे माशांची स्थिती एवढ्या सहा रकाने पुरेत. जो विद्यार्थी गावाला जाईल त्याची ओळ दुसऱ्याने पुढे न्यावी. तो परत आला की आपल्या अनुपस्थितीत पाण्याचे काय झाले, हे त्याला वहीतच वाचता येईल. दोन महिन्यांच्या नोंदी समोर ठेवल्या तर खाद्य वाढले त्या आठवड्यानंतर पाणी हिरवे झाले, हे मुले स्वतःच शोधून काढतील. पुस्तकातील ‘परिसंस्था’ हा शब्द त्यांना मग पाठ करावा लागणार नाही.

पाणी हिरवे दिसताच बाटलीकडे धाव न घेता, आत काय जास्त झाले आणि ते कोणी उचलावयाचे राहिले, असे विचारण्याची सवय एका पिढीला लागली तर तिचा लाभ काचपेटीपुरता राहणार नाही. उद्या हीच मुले शेततळ्याची मालक, पाणीपुरवठा समितीची सदस्य आणि गावची कारभारी होणार आहेत. सिंदफणेच्या खोऱ्यात पाऊस किती पडावा हे त्यांच्या हाती नाही; साठविलेले पाणी राखणे मात्र निश्चितच त्यांच्या हाती आहे.